दोन इंजिनं, पंखे किती? वेगवान बोटींच्या प्रोपेलरची गोष्ट

आजचा भाग बोटींवर आहे, पण आरमार, तोफा, लढाया असलं काही नाही. आज बोलायचंय ते बोटीच्या मागे, पाण्याखाली, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या एका वस्तूबद्दल. प्रोपेलर. आपण साध्या भाषेत पंखाच म्हणूया.

प्रश्न असा आहे. तुमच्याकडे एक बोट आहे, तिला दोन दणकट इंजिनं आहेत. मग पंखे किती लावायचे? दोन इंजिनं तर दोन पंखे, त्यात काय विचारायचं, असं वाटेल. पण १९३० साली ब्रिटनमधल्या हुशार इंजिनिअरांनी दोन इंजिनांना मिळून एकच पंखा लावला. दोन वर्षांनी त्याच देशाने, त्याच जातीची इंजिनं घेऊन, दोन पंखे लावले. त्याच वर्षी एका अमेरिकन माणसाने चार इंजिनांना दोन पंखे लावून विक्रम आपल्याकडे नेला. आणि पाच वर्षांनी एक इंजिन, एक पंखा असलेल्या छोट्याशा बोटीने त्या चार इंजिनांचा विक्रम मोडला.

म्हणजे यातला कोण चूक होता? माझं उत्तर असं की प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता. ते कसं, तेच आज बघू.

पंखा म्हणजे पाण्यातला स्क्रू

आधी बेसिक. लाकडात स्क्रू पिळलात की एका फेऱ्यात तो ठराविक अंतर आत जातो. पंख्याचंही तसंच. एका पूर्ण फेऱ्यात तो जेवढं पुढे जायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात. पिच २८ इंच म्हणजे एका फेऱ्यात २८ इंच. पण पाणी म्हणजे लाकूड नाही, ते मागे सरकतं. त्यामुळे बोट प्रत्यक्षात थोडी कमीच जाते. हा जो फरक पडतो, त्याला स्लिप म्हणतात. पिच आणि स्लिप हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता हा पंखा बनवताना सुरुवातीपासून गणितापेक्षा 'करून बघू' जास्त चाललंय. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज माणसाने १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्याचा स्क्रू लाकडी होता, आणि त्याला पूर्ण दोन वेटोळी होती. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो मोडला, अर्धा भाग तुटून गेला. बोट थांबायला हवी होती ना? ती जास्त जोरात पळायला लागली! स्मिथने मग एकाच वेटोळ्याचा स्क्रू केला. विचार करा, एका अपघाताने डिझाइन सुधारलं. प्रॉडक्शनमध्ये अर्धा कोड उडावा आणि ॲप फास्ट चालावं, तसलं काहीतरी.

पाणी थंड, तरी उकळतं

पुढचा धडा १८९४ चा. चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअरने स्टीम टर्बाइन बनवलं आणि ते दाखवायला टर्बिनिया नावाची लांब, सडपातळ बोट बांधली. टर्बाइन भन्नाट फिरत होतं. पण बोट २० नॉटच्या आसपास अडकली. पार्सन्सने पंखे बदलून बघितले, एक नाही, दोन नाही, सात प्रकारचे. तरी काही होईना.

कारण होतं कॅव्हिटेशन. हे समजून घ्या, कारण आजच्या गोष्टीतला खरा व्हिलन हाच आहे. लेहला किंवा कुठल्याही उंच डोंगरावर डाळ शिजत नाही, माहितीये ना? तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. आता पंख्याचं पातं पाण्यात प्रचंड वेगाने फिरलं की त्याच्या एका बाजूला दाब इतका खाली जातो की तिथलं पाणी थंड असूनही उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात. पातं पाण्याऐवजी वाफ ढकलायला लागतं. वर ते बुडबुडे फुटताना धातूला मार बसतो तो वेगळाच, पात्यावर अक्षरशः खड्डे पडतात.

पार्सन्सने पाण्याची एक छोटी टाकी बनवली, त्यात छोटा पंखा फिरवला आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशात हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग त्याला उमगलं की एकाच पंख्याच्या माथी एवढी ताकद मारून चालणार नाही, ती वाटून द्यायला हवी. त्याने एकाच्या जागी तीन शाफ्ट टाकले आणि प्रत्येक शाफ्टवर तीन पंखे बसवले. एकूण नऊ! १८९७ च्या जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात ही बोट आगंतुकासारखी घुसली. ती ३४ नॉटच्या पुढे पळू शकत होती आणि नौदलाच्या गस्ती बोटींना सापडली नाही.

तर पहिला नियम मिळाला: ताकद वाटा. सोपं आहे. मग पुढच्या लोकांनी तो का मोडला?

मिस इंग्लंड आणि मिस अमेरिका

आता आपण १९२० च्या दशकात येतो. डेट्रॉइटमध्ये गार वूड नावाचा उद्योगपती होता. मालट्रकची मागची ट्रॉली वर उचलून माल ओततात ना, तो हायड्रॉलिक जॅक बनवून त्याने पैसा केला आणि तो सगळा बोटींत ओतला. त्याच्या बोटींचं नाव मिस अमेरिका. पहिल्या मिस अमेरिकेत विमानाची दोन लिबर्टी इंजिनं होती. १९२० मध्ये तिने हार्म्सवर्थ ट्रॉफी जिंकली आणि त्याच वर्षी ताशी जवळपास ७५ मैलांचा विक्रम केला. वूडची पद्धत ठरलेली: जास्त वेग हवा? जास्त इंजिनं टाका, जास्त शाफ्ट टाका.

समोर ब्रिटनचा हेन्री सेग्रेव्ह. जमिनीवरचा वेगाचा विक्रम त्याने आधीच केला होता. लॉर्ड वेकफिल्डच्या पैशातून त्याच्यासाठी मिस इंग्लंड दुसरी बांधली गेली, डिझाइन फ्रेड कूपरचं. तिच्यात रोल्स-रॉइस 'आर' इंजिनं दोन. ही इंजिनं मुळात श्नायडर ट्रॉफीच्या रेसिंग विमानांसाठी केलेली, ३७ लिटरची, एकेक १८०० हॉर्सपॉवरच्या आसपास. आणि इथे कूपरने तो निर्णय घेतला. दोन्ही इंजिनांची ताकद गिअरबॉक्समध्ये एकत्र आणायची आणि एकाच शाफ्टवर, इंजिनापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्यांनी फिरणाऱ्या एका लहानशा पंख्याला द्यायची.

का बरं? कारण ताशी १०० मैलांना पाण्याची ओढ भयंकर असते. वेग दुप्पट केला तर ओढ साधारण चौपट होते. पाण्यात जे जे काही लोंबतंय, म्हणजे शाफ्ट, त्याला धरणारी दांडी, सुकाणू, ते सगळं ब्रेकसारखं काम करतं. दुसरा पंखा लावला की हा सगळा संसार दुप्पट. कूपरचा हिशोब असा की ओढ वाचवू, कॅव्हिटेशनचा धोका पत्करू.

पण याला दुसरी बाजू आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, ते हेच. इंजिनं दोन, पण गिअरबॉक्स एक, शाफ्ट एक, पंखा एक. यातलं काहीही गेलं की दोन्ही इंजिनं असून नसल्यासारखी.

१३ जून १९३०, विंडरमिअर सरोवर. सेग्रेव्हने दोन फेऱ्यांत सरासरी ताशी ९८.७६ मैल वेग गाठला. विक्रम झाला. तिसऱ्या फेरीत बोट उलटली. सोबतचा रोल्स-रॉइसचा इंजिनिअर हॅलिवेल गेला, आणि थोड्या तासांत सेग्रेव्हही गेला. मेकॅनिक विलकॉक्स वाचला. बोटीच्या तळाला तरंगतं लाकूड लागलं असावं, असं मानलं जातं. म्हणजे दोष पंख्याचा ठरला नाही. पण त्या वेगाला बोट पाण्यावर जेमतेम टेकलेली असते, चूक पोटात घ्यायला जागाच नसते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

बोट दुरुस्त झाली आणि के डॉनने १९३१ मध्ये तिला ताशी ११० मैलांपर्यंत नेलं. म्हणजे दोन इंजिनं, एक पंखा हे डिझाइन चाललं, हे मान्य करायलाच हवं.

तरीही १९३२ ची मिस इंग्लंड तिसरी आली ती दोन पंखे घेऊन. इंजिनं तीच रोल्स-रॉइस आर, पण आता आणखी ताकदीची. एका पंख्याने ती ताकद पाण्यात उतरवणं अवघड होत चाललं होतं. पार्सन्सचा नियम परत दारात येऊन उभा! १८ जुलै १९३२ रोजी स्कॉटलंडच्या लॉख लोमंडवर के डॉनने ताशी ११९.८१ मैल गाठले.

गार वूडचं उत्तर सप्टेंबरमध्ये आलं. मिस अमेरिका दहावी. लांबी ३८ फूट, पॅकार्डची १२ सिलिंडरची चार इंजिनं, एकूण ६४०० हॉर्सपॉवर, आणि पंखे दोन. हार्म्सवर्थच्या शर्यतीत मिस इंग्लंड तिसरी बंद पडली, आणि त्याच महिन्यात वूडने ताशी जवळपास १२५ मैलांचा विक्रम केला.

मग गोष्ट इथेच संपायला हवी होती. जास्त इंजिनं, जास्त पंखे, जास्त वेग. पण १ सप्टेंबर १९३७ रोजी इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माजोरे सरोवरात माल्कम कॅम्पबेल आला, २३ फुटी ब्लू बर्ड घेऊन. एक रोल्स-रॉइस आर इंजिन, एक पंखा. वेग ताशी १२६.३२ मैल. आणि डिझायनर कोण? तोच फ्रेड कूपर! ताकद वूडच्या बोटीच्या निम्मीही नाही. पण वजन कमी, ओढ कमी. एका मैलाच्या सरळ धावेत एवढंच पुरलं.

अर्धा पंखा हवेत

आता थोडं बाजूला. कॅव्हिटेशनला हरवायचा आणखी एक रस्ता होता, आणि तो ऐकायला वेडेपणाचा वाटतो. पंखा पाण्यात पूर्ण बुडवायचाच नाही! अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. पातं वरून पाण्यात घुसताना आपल्यासोबत हवा घेऊन येतं. मग जिथे वाफेचे बुडबुडे झाले असते तिथे हवा असते, आणि हवा त्या बुडबुड्यांसारखी फुटून धातू खात नाही. वर फायदा असा की शाफ्ट आणि दांडी पाण्याबाहेर, म्हणजे ओढही वाचली.

अल्बर्ट हिकमनने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आपल्या सी स्लेड बोटींत हे वापरलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते २६ जून १९५० रोजी. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर स्लो-मो-शन चौथी नावाच्या बोटीने, विमानाच्या एका ॲलिसन इंजिनावर, ताशी १६० मैलांचा पल्ला ओलांडला. तोवरचा विक्रम १४१.७४ मैलांचा होता. एका झटक्यात जवळपास १९ मैलांनी वर! पूर्ण वेगात ही बोट पुढच्या दोन टोकांवर आणि मागच्या अर्ध्या बुडालेल्या पंख्यावर तोललेली असायची. आजच्या रेसिंग बोटींचे क्लीव्हर म्हणतात ते पंखे, ज्यांच्या पात्याची मागची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते, ते याच विचाराचे वारस.

एक मैल वेगळा, समुद्र वेगळा

आतापर्यंतचे सगळे विक्रम शांत पाण्यावरचे, एक मैल जायचं, तेवढंच परत यायचं. पण खुल्या समुद्रात, लाटांत, किनारा दिसत नसताना काय?

१९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत. समुद्र खवळलेला. त्यात मॉपी नावाची ३० फुटी बोट उतरली, तळ रे हंटने काढलेला, खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा. दोन पेट्रोल इंजिनं, दोन पंखे. ती आठ तासांत पोचली. दुसरी आलेली बोटही हंटच्याच तळाची, जिम वाइनची, मागे दोन व्हॉल्वो स्टर्नड्राइव्ह. बाकीच्यांतली पहिली बोट दुसऱ्या दिवशी पोचली.

इथे दोन इंजिनांचा अर्थच बदलतो. विक्रमाच्या बोटीत दोन इंजिनं म्हणजे दुप्पट ताकद. समुद्रात दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येणं. आणि हा अर्थ खरा ठरायचा असेल तर दोघांचा शाफ्ट वेगळा, पंखा वेगळा हवा. म्हणून आज दोन इंजिनांच्या जवळपास सगळ्या वेगवान बोटींना दोन पंखे असतात. गेटवेवरून मांडव्याकडे जाणाऱ्या स्पीडबोटींच्या मागे दोन आउटबोर्ड दिसले, तर तिथेही हाच विचार आहे.

आणि वाइनने घडवलेल्या स्टर्नड्राइव्हने, जो १९५९ मध्ये व्हॉल्वो पेंटाने बाजारात आणला, अजून एक काम केलं. पंखा बोटीच्या पोटाखालून मागे, हाताशी आला. आउटबोर्डला तो आधीपासूनच होता. नट काढा, पंखा बदला, परत पाण्यात जा. पार्सन्सला जे करायला महिने लागले, ते एका दुपारी करता येऊ लागलं.

मग आज निवडायचा कसा?

आता तुमच्यातले टेक्निकल लोक वाट बघतायत ते सांगतो.

पहिली गोष्ट, पंखा इंजिनाला शोभायला हवा. प्रत्येक इंजिनाचा कंपनीने दिलेला पट्टा असतो, की पूर्ण थ्रॉटलला इतके ते इतके फेरे. पिच जास्त घेतला तर इंजिन त्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही, पाचव्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं कण्हत राहतं. पिच कमी घेतला तर ते पट्टा ओलांडून लिमिटरला जाऊन आपटतं. ढोबळ हिशोब असा की एक इंच पिच बदलला की १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. आणि ही चाचणी रिकाम्या बोटीवर करायची नाही. नेहमीची माणसं, नेहमीचं पेट्रोल, नेहमीचं सामान घेऊन करायची.

दुसरी गोष्ट, स्लिप मोजा. फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले १०५६. उत्तर येतं ताशी मैलांत. ५००० फेरे, २८ इंच पिच, गिअर १.५, तर ८८ मैलांच्या थोडं वर. मोबाइलच्या जीपीएसवर ७८ दिसले तर स्लिप साधारण १२ टक्के, वेगवान बोटीला ठीक. २५ टक्के दिसली तर पंखा पाण्याला नीट धरत नाहीये. मग पात्यांचा आकार, पंख्याची उंची, बोटीतलं वजन, सगळं तपासायचं.

तिसरी, पाती. तीन पात्यांचा पंखा बहुतेक वेळा वरच्या वेगाला बरा. चार पात्यांचा पाणी घट्ट धरतो, लाटेत आणि वळणावर सुटत नाही, पण शेवटचे एकदोन मैल खातो.

चौथी गोष्ट फक्त दोन इंजिनवाल्यांची: दिशा. ड्रिल मशीनचं बिट भिंतीत अडकलं की मशीनच हातात उलटं फिरायला बघतं ना? पंखाही बोटीला तसाच एका बाजूला कलंडवतो. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरवले की हा जोर एकमेकांत जिरतो. म्हणून जोडीत एक उजवा, एक डावा घ्यायचा, आणि पिच दोघांचा सारखा. मग प्रश्न, वरच्या बाजूला पाती बाहेर जावीत की आत यावीत? बाहेर फिरवली तर बोट स्थिर राहते, नेहमीची पद्धत हीच. आत फिरवून काही रेसर थोडा जास्त वेग काढतात, पण बोट हाताळायला अवघड होते.

आणि पाचवी, जी खरेदीच्या उत्साहात राहून जाते. एक इंजिन बंद करा आणि दुसऱ्यावर बोट चालवून बघा. वरच्या वेगासाठी घेतलेला मोठा पिच एकट्या इंजिनाला झेपत नाही. बोट पाण्यावर उचलली जात नाही, पोट घासत चालते, आणि थ्रॉटल दाबला की इंजिनच तापतं. अशा वेळी थ्रॉटल कमी ठेवून सावकाश यायचं असतं. तो सावकाश वेग किती, आणि त्या वेगाने किनारा गाठायला पेट्रोल पुरतं का, हे आधीच माहीत हवं. नाहीतर दुसरं इंजिन नुसतं वजन.

आता पहिल्या प्रश्नाकडे या. कूपरला एक मैल हवा होता, म्हणून त्याने ओढ वाचवली. वूडकडे पैसा आणि इंजिनं होती, त्याने ताकद वाटली. मॉपीला नासाऊ गाठायचं होतं, म्हणून तिचे दोन पंखे वेगळे. कॅटलॉगमधला सगळ्यात बेस्ट पंखा कोणता, हा प्रश्न यातल्या कुणीच विचारला नव्हता. आधी त्यांनी बोटीने काय करायचंय ते ठरवलं, मग पंखा घेतला, पाण्यात उतरवला, मोजला, आणि गरज पडली तसा बदलला.

पुढच्या वेळी गेटवेला किंवा गोव्यात जेटीवर उभे राहिलात, तर बोटीच्या मागे जरा वाकून बघा. पंखे किती, पाती किती, दोन्हींची पाती एकमेकांच्या आरशातल्यासारखी आहेत का. तेवढ्यावरून तुम्हाला सांगता येईल की ही बोट मिरवायला काढली आहे की माणसं परत आणायला.

चला, आजच्या भागात एवढंच. कुणी मित्र 'दोन इंजिनं म्हणजे डबल स्पीड' म्हणाला, तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!